दस्ती टाकलेली खुर्ची

पिक्चरला येऊन पडद्याकडं पाठ करून बसणारा माणूस मी तीस वर्षांत एकच पाहिला. सुदर्शन. मुदखेडला ऑटो चालवतो. मी लिंबाजी, नांदेडातल्या एका जुन्या टॉकीजचा गेटकीपर. तिकिटं फाडतो आणि अंधारात टॉर्च मारून लोकांना जागेवर बसवतो.

त्या आठवड्यात अंतराळातल्या लढायांच्या गाजलेल्या मालिकेतला एक सिनेमा आमच्याकडं पुन्हा लागला होता. मालिकेतला हिरो यात नाहीच. त्याचं यान दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची ही वेगळी गोष्ट. सुदर्शन रोज बाराच्या शोला यायचा, शेवटच्या रांगेत बसायचा, एसटीत जागा धरतात तशी बाजूच्या खुर्चीवर दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकायचा आणि मागं वळून दाराकडं बघत राहायचा. मला वाटलं, कुणी पोरगीबिरगी येणार असेल. तिसऱ्या दिवशी चिडवलंच, "काय राव, रुसली का काय?"

"भाऊ यायचा हाय माझा. भारत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

दोन वर्षांपूर्वी हा सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा दोघं इथंच आले होते. भारत पोलीस भरतीत तिसऱ्यांदा नापास झाला होता. इंटरव्हलला म्हणाला, "दादा, काय करावं, मला काई सुधरून न्हाई राहिलं." सुदर्शन म्हणाला, "गप पिक्चर बघ." थोड्या वेळानं भारत खुर्चीवर दस्ती टाकून बाहेर गेला. सुदर्शन पडद्यात असा गुंगला की कुणीतरी ती जागा मागितली, तेव्हा मान न वळवता म्हणाला, "भाऊ हाय, येऊनच राहिला." दिवे लागले तेव्हा खुर्चीवर नुसती दस्ती होती.

पोलीस ठाणी झाली, दवाखाने झाले, हैदराबादपर्यंत स्टेशनं सुदर्शननं पालथी घातली. "ह्याच्यातले सगळे पिक्चर त्याच्या लई आवडीचे, मामा, अन् हा अर्धाच राहिला त्याचा. कुठं बी असला तरी येईल. मायला सांगून आलोय, या हप्त्यात आणतोच म्हणून." मग त्यानं माझा हात धरला. "त्या दिशी दारावर तुमीच होता ना? कोणीकडं गेला तो?"

मला आठवेना. आत येणाऱ्याचं तिकीट बघतो, तोंड बघतो. बाहेर जाणाऱ्याकडं कोण बघतं? त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

गुरुवारी शेवटचा दिवस. कॉलेजच्या पोरांनी टॉकीज भरलं. दार जरा हललं की सुदर्शन अर्धा उठायचा, आणि दुसराच कुणीतरी आत आला की मटकन बसायचा. इंटरव्हल संपून पुन्हा अंधार झाला. उशिरा आलेल्या एकाला जागा मिळेना. तो माझ्याशीच भांडायला लागला. नाइलाजानं मी त्या दस्तीवर टॉर्च मारला.

"इथं कुणी हाय का?" त्या माणसानं विचारलं.

सुदर्शननं दस्तीवर हात ठेवला. "हाव," तो म्हणाला. "भाऊ हाय. येऊनच राहिला."

त्या माणसाला मी माझं स्टूल दिलं. मग दार सताड उघडून तिथंच उभा राहिलो. पडद्यावर उजेड पडला, पोरं ओरडली, मॅनेजर धावत आला. दार मी लावलं नाही.