जवळ्याचा वास
जवळा तव्यावर पडला, की मला जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधल्या माझ्या घरमालकिणीचं स्वयंपाकघर आठवतं आणि अजूनही डोकं फिरतं. साठचं दशक होतं. मी तिथे रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होतो. वरच्या खोलीत फिलिपिन्सची एक मुलगी राहायची, तीही केमिस्ट. एकदा तिला घरून बागोओंगची बरणी आली. बागोओंग म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात मुरवून केलेली जांभळट चटणी. तिने ती लसणीवर परतायला घेतली मात्र, घरमालकीण नाकाला रुमाल लावून धावत आली. मी शेजारीच भात शिजवत होतो, म्हणून दोघांवरही ओरडली, "तुम्हा लोकांची ही घाण आत्ताच्या आत्ता फेका!" तिच्या फडताळातल्या चीजला न धुतलेल्या मोज्यांचा वास यायचा, पण तो म्हणे सुगंध! मुलगी बरणी आणि तवा घेऊन अंगणातल्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. मी भाताचं पातेलं उचलून तिच्या मागे गेलो. "फेकू नकोस," मी म्हटलं, "आमच्या मालवणात ह्याला जेवण म्हणतात." त्या डब्याशेजारी, बर्फात उभं राहून, आम्ही दोघं बोटं चाटत जेवलो. बाई खिडकीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने दोघांनाही खोल्या सोडायला सांगितल्या. काल इथे पुण्यात जवळा परतत होतो, तर सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात उभे. "काका, असलं काही आपल्याकडे चालत नाही हं." तोच रुमाल, तेच डोळे. त्या बाईची निदान भाषा तरी परकी होती.