पावसाळ्यातला पळस

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर लाइनीतलं शेवटचं होतं. परसाच्या मागे दगडी कंपाउंड, त्याच्यापलीकडे नाला आणि नाल्यापुढे झुडपं आणि शेतं. मी फिटर म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. तोवर आम्ही दोघं त्याच क्वार्टरमध्ये राहिलो. आम्हाला मूल नाही. हे एकदाच सांगून ठेवतो.

बायको वर्धेकडच्या खेड्यातली. लग्न होऊन भोपाळला आली तेव्हा तिला इथलं काहीच आवडलं नव्हतं. कामवाली काय बोलते ते कळायचं नाही, भाजीवाल्याशी हातवारे करून बोलायची. आवडलं ते परस. पहिल्याच उन्हाळ्यात तिने तिथे फुटक्या परातीत पाणी भरून ठेवलं आणि आठवड्याभरात मुंगूस यायला लागलं. मुंगसामागून भारद्वाज, लांडोर, पावसाळ्यात घोरपड. एकदा जाफरीतल्या माझ्या ड्यूटीच्या बुटांवर धामण वेटोळं करून बसली होती. मी काठी शोधत होतो, तर ही म्हणाली, "अहो, बसू द्या तिला. तुमची सेकंड शिफ्ट आहे ना? दोनला वेळ आहे अजून." मी त्या दिवशी चपला घालून ड्यूटीवर गेलो आणि गेटवर बोलणी खाल्ली.

हातात कॅमेऱ्याचा फोन आला तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. तेव्हापासून रोज सकाळी एक फोटो काढायचा आणि गावी थोरल्या बहिणीला पाठवायचा हा तिचा नेम झाला. ताई शेतातल्या घरात राहायच्या. तिकडून त्याही पाठवायच्या: गोठ्याच्या पत्र्यावर बसलेली वानरं, तुरीत शिरलेले रोही म्हणजे नीलगायी, चुलीपाशी ऊब घेत बसलेली मांजर. फोटो काही चांगले नसायचे. निम्म्यांत बोट यायचं. पण खाली लिहिलेलं असायचं ते मला आवडायचं. बायको लिहायची, "पाहुणे सव्वासातला आले. पोहे झाले होते, पण थांबले नाहीत." दोरीवर माझा खाकी शर्ट वाळत होता आणि शेजारी धनेश येऊन बसला होता, त्या फोटोखाली तिने लिहिलं होतं, "डावीकडचे आमचे हे." ताईंना तो फोटो इतका आवडला की त्यांनी गावातल्या दुकानातून त्याची मोठी प्रत काढून भिंतीला लावली.

एका वर्षी पाण्याच्या टाकीजवळच्या गिट्टीत टिटवीने अंडी घातली. चार, गिट्टीच्याच रंगाची. बायकोने भोवती विटा मांडल्या आणि तीन आठवडे सगळ्या लाइनला तिकडून स्कूटर नेऊ दिली नाही. शेजारचे बिहारी बाबू चिडायचे, "भाभीजी, चिड़िया के लिए इतना?" ती म्हणायची, "हां, इतना." पिल्लं निघाली त्या सकाळी त्याच बाबूंनी आमचं दार वाजवून तिला उठवलं.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार हे माहीतच होतं. लाइनीत माणसंही उरली नव्हती. भरती थांबलेली, निम्मी क्वार्टरं कुलपात. दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली, पुढची मिळाली नाही. आम्ही कोलार रोडला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. बाल्कनीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसायची. बायकोने कुंड्या आणल्या, पाण्याची वाटी ठेवली. कबुतरं आली.

ताईंना आम्ही घर बदलल्याचं सांगितलं नाही. ताईंचे यजमान त्याच वर्षी गेले होते आणि त्या मोठ्या घरात एकट्या होत्या. "थोडे दिवस जाऊ द्या," बायको म्हणाली. "सकाळच्या फोटोची वाट बघते ती. तेवढंच उरलंय तिला." तिच्या फोनमध्ये न पाठवलेले जुने फोटो होते, त्यांवर महिनाभर निभावलं. मग दिवाळीनंतर ती बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन चालायला लागा. ती दोन पावलं टाकायची आणि पलंगावर बसायची.

"चाल ना थोडं," मी म्हणायचो.

"चालून कुठे जायचं?"

इमारतीची लिफ्ट आठवड्यातून चार दिवस बंद असायची.

एक दिवस तिनेच म्हटलं, "तुम्ही जाऊन या की क्वार्टरवर. सकाळी मोकळेच असता. एक फोटो आणा. मी पाठवीन ताईला." तिला हवं ते काहीतरी तिने मागितलं, याचाच मला आनंद झाला. पडल्याचं मात्र ताईला कळू द्यायचं नाही, असं तिने बजावलं.

मग मी रोज जायला लागलो. फिजिओथेरपीवाल्या बाई आल्या की मी स्कूटर काढायचो. एम. पी. नगरची गर्दी पार करून पाऊण तासात टाउनशिप. आमच्या क्वार्टरला कुलूप होतं, पण परसाचं फाटक ढकललं की उघडायचं. माणसं गेल्यामुळे जनावरं वाढली होती. मुंगसाची दोन पिल्लं ओट्यावर लोळायची. पेरूच्या झाडाखाली एकदा ससा दिसला, जो आम्हाला इतक्या वर्षांत दिसला नव्हता. मी दहा-बारा फोटो काढायचो आणि त्यातला एक तिला पाठवायचो. घरी पोचेपर्यंत तिने तो ताईंना धाडलेला असायचा, खाली मजकूर लिहून. मी दार उघडलं की विचारायची, "परातीत पाणी घातलं का? शेवग्याला शेंगा किती? नाल्याला पाणी आहे?" फिजिओ बाईंनी सांगितलं, हल्ली मॅडम व्यायामाला नाही म्हणत नाहीत. जानेवारीत ती वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत गेली. मला वाटलं, जमतंय.

फेब्रुवारीत क्वार्टरांच्या भिंतींवर लाल रंगात आकडे आले. मग ठेकेदाराच्या माणसांनी दारं-खिडक्या काढून नेल्या. मी हे घरी बोललो नाही. फोटो काढताना चौकट उखडलेली भिंत येऊ नये म्हणून जवळ जायचो. पुढे छपराचे पत्रे गेले, मग आणखी जवळ. शेवटी शेवटी नुसतं मुंगसाचं तोंड, नुसती फांदी.

"हल्ली फार जवळून काढता," ती म्हणाली. "घर दिसतच नाही."

"अगं, झूम शिकलोय," मी म्हटलं.

मे महिन्यात एका सकाळी गेलो तर लाइनीच्या तोंडाशी जेसीबी उभा होता. अर्धी लाइन आडवी झाली होती. मी चौकीदाराला विचारलं, आखिरी वाला कब? तो म्हणाला, "परसों तक पूरा साफ, अंकल. आपका कुछ रखा है क्या अंदर?" मी म्हटलं, नाही. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. जायला नको होतं. पेरू, शेवगा, कढीपत्ता सगळं मुळांसकट ढिगाऱ्यात. मशीन नाल्याकडच्या कंपाउंडला लागलं होतं. त्यातून एक घोरपड निघाली आणि मोकळ्या जागेवरून पळायला लागली. तिला कुठे जायचं ते कळत नव्हतं. रस्त्याकडे गेली, परत फिरली, मशीनकडे आली. मजूर हसत होते. एकाने वीट मारली. मी ओरडलो, "अरे, मत मारो!" तोवर दुसऱ्याने फावडं घातलं होतं. टिटव्या वरून ओरडत फिरत होत्या. कुठेतरी अंडी असणार. मी खिशातून फोन काढला नाही.

घरी आलो तर ती वॉकर धरून दारात उभी होती. दारापर्यंत पहिल्यांदाच आली होती. "आज फोटो नाही आला?"

तिच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा खुललेला होता. मी म्हटलं, "रेंज नव्हती. थांब." आणि माझ्या फोनमधला मार्चमधला एक न दाखवलेला फोटो काढून तिला पाठवला.

एकदा केलं आणि मग करतच राहिलो. रोज काढलेल्या दहातले नऊ माझ्याकडे शिल्लक होतेच. रोज मी त्याच वेळेला घरातून निघायचो, टाउनशिपला जायचो आणि नाल्यावरच्या छोट्या पुलियावर बसायचो. समोर पत्र्याचं कुंपण घातलं होतं. तासभर बसून एक फोटो निवडायचा, पाठवायचा आणि परतायचं. घरी तिचे प्रश्न असायचे. मी म्हणायचो, हो, पाणी घातलं. हो, पिल्लं मोठी झाली. खोटं बोलायचा मला सराव नव्हता, पण तो लवकर होतो. ती दिवसातून तीन वेळा घरात फिरायला लागली होती. ते बघून मला वाटायचं, एवढ्यासाठी चालेल.

वेगळे वाटतील असे फोटो संपत आले तेव्हा श्रावण लागला होता. हिरवे, पावसाळी दिसतील असे आधीच वापरून झाले होते. एका सकाळी मी लांडोरीचा एक फोटो पाठवला. कंपाउंडवर बसलेली, मान वळवलेली. मी लांडोरच बघितली. बायकोला चष्म्याशिवाय फोनवर बारीक दिसत नाही, तिनेही लांडोरच बघितली आणि ताईंना धाडून दिली.

मी घरी पोचलो तेव्हा ती पलंगावर बसली होती. फोन मांडीवर, चष्मा डोळ्यांवर. "ताईचं आलंय," म्हणाली आणि वाचून दाखवलं. "काय वं, तुमच्या भोपाळात श्रावणात पळस फुलते काय?"

मी फोन हातात घेतला. लांडोरीच्या मागे नाल्यापलीकडचा पळस होता. पान एक नाही, सगळा लाल.

"हा फोटो कधीचा?"

मी फोन तिच्या मांडीवर परत ठेवला.

"अहो, विचारतेय मी. कधीचा?"

"मार्चमधला."

"आणि कालचा? परवाचा?"

मी सगळं सांगितलं. आकडे, दारं, जेसीबी. घोरपडीचं सोडून. संपल्यावर ती म्हणाली, "मग रोज जात कुठे होतात तुम्ही?"

"तिथेच. पुलियावर बसायचो."

"पावसात?"

"हो."

"मुंगसं?"

"दिसली नाहीत."

ती रागावेल, रडेल असं मला वाटलं होतं. तिने चष्मा काढून बाजूला ठेवला. "उद्या जा आणि आता जसं आहे तसा फोटो आणा. लांबून. सगळं दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून फोटो काढला. सपाट लाल माती, मधे पाण्याची डबकी, कडेला सळयांचे भारे. तिने तो बोटांनी मोठा केला आणि इकडून तिकडे सरकवत बराच वेळ बघितला. "टाकी इथे होती ना?" तिने एका डबक्यावर बोट ठेवलं. मला ओळखता आलं नाही. मी हो म्हटलं. "उगाच हो म्हणू नका," ती म्हणाली.

तो फोटो तिने ताईंना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. मग फोन लावून घर सुटल्याचं, पडल्याचं, ऑपरेशनचं सगळं सांगितलं, बाजारातून आणलेल्या वस्तू सांगाव्यात तसं. ताई फोनवरच रडायला लागल्या. मला पलीकडून ऐकू येत होतं, "माझ्यापासून लपवलं वं तू. नऊ महिने! इकडे ये, मी करीन तुझं." पण ताईंचेच गुडघे गेलेले, त्यांना विहिरीपर्यंत जाता येत नाही. कोण कुणाचं करणार? बायको एवढंच म्हणाली, "बरं, बघू."

त्या दिवसापासून ती उठली नाही. म्हणजे उठते, बाथरूमपुरती, मला धरून. वॉकर कपाटाच्या मागे आहे. फिजिओ बाई महिनाभर आल्या, समजावलं, ओरडल्या, मग म्हणाल्या, "अंकल, इनका मन ही नहीं है, मैं क्या करूं." मी डॉक्टरांकडून मन शांत करायच्या गोळ्या आणल्या. ती घेते. मी जे देतो ते सगळं घेते. जेवण, गोळ्या, पाणी. एकदा मी बाल्कनीतल्या कबुतराच्या पिल्लाचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. तिने बघितला आणि म्हणाली, "बाल्कनीचं दार लावून घ्या."

मी तिला म्हणालो होतो, चुकलो. दोनदा म्हणालो. "तुम्ही काय वाईट केलं," म्हणाली. तिने मला बोल लावला असता तर मला पुढे काहीतरी करता आलं असतं.

आता थंडी पडली आहे. ताई अजून रोज फोटो पाठवतात. पहाटेचं धुकं, हरभरा, पाडसासकट रोही. बायकोचा फोन उशाशी वाजतो आणि ती हात पुढे करत नाही. अकरा वाजता ताई माझ्या फोनवर विचारतात, "कशी आहे? बोलते का जरा?"

मी म्हणतो, "आत्ताच डोळा लागलाय, ताई."

ती समोर पडलेली असते, डोळे उघडे, ऐकत.