नवी सिस्टिम, जुनं माप

ऑपरेटिंग सिस्टिम नवी बांधली आणि हेडर फाइली जुन्याच राहू दिल्या, एवढीच माझी चूक. तीही नेमकी धाकट्या मेहुणीच्या लग्नादिवशी.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. लोणावळ्याच्या आमच्या संस्थेत कपाटाएवढा कॉम्प्युटर होता. त्याची सिस्टिम मूळ प्रोग्रामवरून पुन्हा बांधायचं काम माझ्याकडं. बांधली, मशीन चालू झालं, मी मनातल्या मनात पेढेही वाटले. मग कुणाचं काम किती वेळ चाललंय हे दाखवणारा प्रोग्राम लावला, तर साहेबांच्या नावापुढं उणे मिनिटं!

"म्हणजे मी काम सुरू करण्याआधीच दमलो?" साहेब म्हणाले. "हे निस्तरल्याशिवाय रजा नाही."

तिकडं सासरवाडीला, वडिवळ्याला, संध्याकाळचा मुहूर्त, अंतरपाट धरायचा मान माझा, आणि बायको आदल्या दिवशीच माहेरी गेलेली. मी आपला तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा कम्पाइल करतोय, जणू कंटाळून तरी सुधारेल. दुपारी मेव्हणा दारात हजर.

"दाजी, हळद लागली की! तुमी हितं काय करताय?"

"हेडरचा घोळ झालाय."

"हेडर? हे कुनाचं वासरू? कुटं चरायला गेलंय?"

"अरे, हेडर म्हणजे मापाची फाइल. सिस्टिममध्ये काय कुठं आहे, केवढं आहे, ते तिच्यात लिहिलेलं असतं. प्रोग्राम तिच्यावर विसंबून बांधायचा. सिस्टिम बदलली की ती फाइलसुद्धा..."

बोलता बोलता मी मशीनकडं वळलो. नव्या हेडर फाइली माझ्याच कामाच्या जागी पडून होत्या. सगळे प्रोग्राम जिथं बघतात तिथं त्या मी नेऊनच ठेवल्या नव्हत्या! ठेवल्या, प्रोग्राम पुन्हा बांधला, आणि साहेबांची मिनिटं सुलट झाली. रजाही मिळाली.

लोकलनं कामशेत, पुढं मेव्हण्याची सायकल, चढाला उतरून पळायचं. मुहूर्त गाठला. माझ्या धापेनं अंतरपाट असा हलत होता की नवरानवरीनं एकमेकांना आधीच पाहून घेतलं.

मग बायकोला सगळं सांगितलं. मांडवामागं दुसऱ्या पंगतीचा भात चढत होता, ती तिकडं गेली आणि आचाऱ्याला म्हणाली, "आबा, तांदूळ नवा हाय, पानी बेतानं घाला. नव्याला जुनं माप लावायचं काम आमचे हे करत्यात, तेबी पगार घेऊन."