माती बघणारे अप्पाराव

टेंभुर्णीत अप्पारावांकडून मिरचीची रोपं घ्यायची म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागायची. आपल्या वावरातली मूठभर माती रुमालात, नाहीतर दुधाच्या रिकाम्या पिशवीत बांधून न्यायची. अप्पाराव ती तळहातावर घेत, दोन थेंब पाणी टाकून चोळत, वास घेत, गेल्या साली तिथं काय पेरलं होतं ते विचारत. मग सांगत, कोणती रोपं न्यायची आणि किती. कधीकधी सरळ म्हणत, "तुम्हाला द्यायची न्हाईत." गिऱ्हाईक असं तोंड पाडून परत गेलं की माझंच डोकं तापायचं. मी मच्छिंद्र, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मुलं हाकून आता घरी बसलेला मास्तर. माझं सव्वा एकर वावर अप्पारावांच्या नर्सरीच्या बांधाला लागून, उताराच्या अंगाला आहे. हे उताराचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अप्पारावांची आई चांगुणाबाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेली. पोरगा दहावी होऊन जालन्याला गेला आणि एका बियाणं कंपनीच्या प्लॉटवर त्यानं बावीस वर्षं काढली. तिथून परत येताना साहेबलोकांच्या तोंडची रोगांची इंग्रजी नावं काही आणली नाहीत, स्वच्छता तेवढी आणली. घरच्या एका एकरावर हिरव्या जाळीचं शेडनेट उभं केलं आणि नियम घातले. दारात चपला काढायच्या. चुन्याच्या पट्ट्यावर पाय देऊनच आत यायचं. आणि परक्या वावरातली माती फाटकाच्या आत येता कामा नये. ती बघायची रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखालच्या दगडावर. बघून झाली की तिथल्याच खड्ड्यात टाकायची, साबणानं हात धुवायचे आणि मग आत. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, अप्पाराव, तुमचं सोवळं आमच्या आत्याबाईपेक्षा कडक आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, हे माणसाचं न्हाई, रोगाचं सोवळं हाय." माझ्या आत्याबाईनं कोणाकोणाला ओसरीवर चढू दिलं नव्हतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यांची मुलगी दीपमाला बी.ए. करून भरतीची वाट बघत घरी बसली होती. पोरगी हुशार, हाताला काम नाही. तिनं मोबाइलवर नर्सरीचं पान काढलं, त्यावर रोपांचे व्हिडिओ टाकायला लागली. सहा महिन्यांत तीनशे लोक जोडले गेले, त्यातले निम्मे सोयरे. तिच्या बापाला त्यात काही रस नव्हता.

मग गेल्या वर्षी संक्रांतीनंतर शहागडकडचा रामकिसन आला. शंभरेक किलोमीटर मोटारसायकल हाणत, सोबत मातीची पिशवी. दोन वर्षं ओळीनं त्याची मिरची उभ्या उभ्या वाळली होती. शेतकरी याला मर म्हणतात. झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरल्यासारखं दिसतं आणि चार दिवसांत सरपण होतं. अप्पारावांनी माती चोळली आणि सांगितलं, या वावरात तीन वर्षं मिरची घ्यायची नाही, ज्वारी घ्या. रामकिसननं खूप गयावया केली, हात जोडले. अप्पारावांनी एक रोप दिलं नाही, वर त्याला जेवायला घातलं. दीपमालानं ते सगळं फोनवर टिपलं होतं. तीन दिवसांत पानाला चौदा हजार लोक जोडले गेले. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार लोकांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिला होता.

मग रीघ लागली. आणि इथं मी, आकडेमोड शिकवून म्हातारा झालेला माणूस, एक साधी गोष्ट बघायला चुकलो. ज्याचं वावर धड आहे तो कशाला पन्नास कोसांवरून माती घेऊन येईल? येत होते ते मिरची मेलेले. अप्पाराव काय म्हणतात ते ऐकायला चार जिल्ह्यांतली रोगट माती आमच्या गावात चालत येत होती.

तरीही ती रस्त्यापलीकडेच राहिली असती. पण लिंबाखाली तोंडावर सावलीचे ठिपके पडत, ट्रकच्या आवाजात बोलणं बुडून जाई. दीपमाला म्हणाली, मागं हिरवंगार दिसलं पाहिजे. अप्पाराव दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं मला मध्ये घातलं आणि मी पोरीची वकिली केली. अप्पाराव, काळाबरोबर चालावं, पोरीच्या मनाविरुद्ध किती जाणार, असं बरंच शहाणपण शिकवलं. दगड आधी फाटकाच्या आत आला, मग शेडनेटच्या दारात आणि दिवाळीपर्यंत रोपांच्या ट्रेच्या ओळींच्या मधोमध. तिथं उजेड फार छान पडायचा.

आणि तो वाफा. ती तर माझीच करणी. आलेली माती टाकून कशाला द्यायची, मी म्हणालो, शेडनेटमध्ये एक वाफा करू, प्रत्येक गावच्या मातीला पत्र्याची पाटी लावू. शाळेत मी असाच जिल्ह्याचा नकाशा केला होता. दीपमाला आनंदानं उडालीच. पाट्या मीच रंगवल्या, अक्षर माझं वळणदार आहे. वाफा भरला, त्यात मिरचीची ओळ लावली, आणि त्याच आठवड्यात पानावर लाखाचा आकडा पार झाला. ग्रामपंचायतीत अप्पारावांना शाल मिळाली. चांगुणाबाईच्या पोराला, तिला कधी चढू न दिलेल्या त्याच पायऱ्यांवर. तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि त्याची लाज मला आजही वाटत नाही.

अप्पारावही बदलले. जालन्याच्या स्टँडवर कोणीतरी "माती बघणारे अप्पाराव ना तुम्ही?" म्हणून पाया पडलं, तेव्हापासून ते केस काळे करायला लागले. येणाऱ्यांना शेडनेटमध्ये फोटो हवा असायचा, बूट काढायला कोणाला सवड नसायची. चुन्याचा पट्टा पायापायानं पुसत गेला. तो परत टाकायचं सगळ्यांच्याच मनात होतं.

या फाल्गुनात वाफ्यातल्या एका झाडानं दुपारी मान टाकली. संध्याकाळी ते उभं होतं. दुसऱ्या दिवशी अप्पारावांनी ते उपटलं, नखानं बुड चिरलं, आत मर रोगाची तपकिरी रेघ पाहिली आणि झाड मोडून शर्टच्या खिशात घातलं. मी समोरच होतो. काय झालं विचारलं तर म्हणाले, ऊन लई हाय. त्या दिवसापासून वाफ्याचा तो कोपरा व्हिडिओत येईना. रोपांच्या गाड्या मात्र भरून जात राहिल्या. मला हे माफ करता येत नाही, आणि मी तरी कुठे तोंड उघडलं?

चैत्रात एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. ट्रेमधली रोपं कडेकडेनं माना टाकत होती. झारी, पाण्याचा पाइप, माणसांचे हात, सगळं वाफ्यातून ट्रेकडे आणि ट्रेतून वाफ्याकडे फिरलेलं. अप्पाराव एकेक रोप चिरून माझ्या हातावर ठेवत गेले. प्रत्येकात तीच रेघ. त्यांच्याकडची अठराशे रोपं मी पंधरा दिवसांपूर्वीच लावली होती. मी विचारलं, माझ्या रोपांचं काय? त्यांनी आणखी एक रोप चिरलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मला उत्तर मिळालं.

दीपमालाच्या फोनमध्ये रोपं गेलेल्या गावांची यादी होती. एकसष्ट गावं. आणखी नव्वद हजार रोपं ठरलेली, गाड्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. दीपमाला रडत होती, पण बोलत होती. सगळ्याच नर्सऱ्यांत थोडंफार असतं, औषध मारून पाठवू, उन्हावर ढकलू. इतकी वर्षं कमावलेलं नाव एका दिवसात जाईल. "बाबा, एक लाख लोक आपल्याला बघून राह्यलेत."

"मंग त्यांनाच सांगू," अप्पाराव म्हणाले.

फोन तिनंच धरला. अप्पारावांनी शाल घेतली नाही की केस विंचरले नाहीत. चिरलेलं रोप समोर धरलं आणि सांगितलं, हा रोग माझ्याच हातानं आला. माझी रोपं नेली असतील त्यांनी उपटून जाळा, दुसऱ्याच्या वावरात पाय देऊ नका. कोणाचीही माती घेऊन इथं येऊ नका, तिच्यातच रोग हाय. दोन मिनिटांचं बोलणं. मग आम्ही तिघांनी अंधार पडेपर्यंत ट्रे उलटे केले आणि रोपं जाळली. बावीस वर्षांची नोकरी आणि बारा वर्षांची नर्सरी, त्याचा धूर मी माझ्या अंगणात बसून नाकात घेतला.

तो व्हिडिओ बावीस लाख लोकांनी पाहिला. एवढं आधी कधीच झालं नव्हतं. खाली टाळ्या, लाल बदाम, असा खरा माणूस होणे नाही वगैरे. एकसष्ट गावांपैकी नऊ गावांतून रोपं उपटल्याचे फोन आले. बाकीच्यांनी बदाम पाठवले.

आणि चौथ्या दिवशी सकाळी फाटकावर माणसं उभी होती. मी दात घासत होतो, तसाच गेलो. सगळ्यांत पुढे रामकिसन. अप्पारावांचं ऐकून त्यानं ज्वारी घेतली होती, मिरचीचं नाव काढलं नव्हतं, त्यामुळे त्याला बघून मला बरं वाटलं. तो अप्पारावांच्या पाया पडायला वाकला, म्हणाला, व्हिडिओ पाहून घरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं डिकीतून पिशवी काढली आणि पुढे केली. मेहुण्याच्या वावरातली माती होती.

अप्पारावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "रामकिसन, मी काय सांगितलं ते ऐकलं का?"

"ऐकलं ना," रामकिसन म्हणाला. "म्हणून तर आलो. तुमच्याशिवाय खरं कोण सांगतं?"

त्याच्या मागच्या लोकांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या हातात पिशवी होती. त्या क्षणी मला त्या भल्या माणसांची जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कोणाची वाटली नाही.

अप्पारावांनी फाटक तारेनं बांधून टाकलं. मी पाटी रंगवून दिली, माती आणू नये. लोक पाटीजवळ उभे राहून फोटो काढतात. पिशव्या फाटकाला अडकवतात, आत चिठ्ठी असते, नाव, गाव, मोबाइल नंबर. काही जण माती तिथंच ओतून नमस्कार करून जातात. दीपमालानं पान बंद केलं, तर त्याच नावानं दुसऱ्या कोणी तरी तीन काढली, तिन्हींवर तोच व्हिडिओ. अप्पाराव रोज माती टोपल्यात भरून रस्त्यापलीकडच्या खड्ड्यात नेत होते. खड्डा गेल्या आठवड्यात भरला. आता ते नुसते ओट्यावर बसून असतात, केसांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलंय.

माझी अठराशे झाडं मी उपटली. पुढच्या साली त्या वावरात ज्वारी पेरायची असं ठरवलंय. माझ्याखाली ओढा आहे आणि ओढ्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या गावाची मिरची.

आज सकाळी फाटकाला तेवीस पिशव्या होत्या. खालचा ढीग माझ्या कमरेला लागतो, आणि त्याचं तोंड माझ्या वावराकडे आहे. दुपारपासून जाफराबादच्या बाजूला आभाळ भरून आलंय. अप्पाराव ओट्यावरून उठले, ढिगापर्यंत गेले, वर बघितलं आणि मला हाक मारून म्हणाले, "गुरुजी, टोपलं आणा."

मी टोपलं घेऊन निघालो तेव्हा रस्त्याच्या वळणावर आणखी दोन मोटारसायकली दिसत होत्या.