दर बाजाराला ताकदीची सुई

"तुमच्या आईच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलं आहे," नागपूरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, यांनी दुसऱ्याच कोणाचा रिपोर्ट हातात घेतला.

"वाढलं, की कमी झालं?"

"वाढलं. याला हायपरकॅल्सेमिया म्हणतात. रक्तात कॅल्शियम गरजेपेक्षा खूप जास्त होणं. त्याचा त्रास किडनीला झालाय, मेंदूलाही."

अरे देवा! इकडे आम्ही सारं घर मायच्या अंगात कॅल्शियम कसं वाढेल याच्याच मागे लागलो होतो, आणि हा माणूस म्हणतो जास्त झालं!

माय खाटेवर पडली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी कोन्या गावच्या?" मी तिची थोरली लेक. ती पुन्हा ओळखेल का, विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियम खाली आलं तर ओळखायला हवं. किडनी किती वाचेल, ते आज सांगता येत नाही."

सुरुवात कुठून झाली ते सांगते, म्हणजे तुमच्या घरी तरी असं होऊ नये. ऐंशी सालानंतरची गोष्ट. भंडारा जिल्ह्यात मोहाडीजवळ आमचं गाव. भातलावणीच्या, म्हणजे रोवण्याच्या दिवसांत माय शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून घसरली आणि मनगट मोडलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हाडं ठिसूळ झाली म्हणाले, कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. शिवाय 'ड' जीवनसत्त्वाचं एक इंजेक्शन. "हे मोठ्या डोसचं आहे. एकच घ्यायचं. पुढचं तपासून ठरवू." मी शेजारीच उभी होते. माय मान हलवत होती. मान हलवायला काय लागतं!

मी लाखनीला शाळेत शिकवायची. एखाद्या रविवारी माहेरी चक्कर व्हायची. भाऊ शेतात. दर वेळी माय थोडी आणखी उतरलेली दिसायची. घसाघसा पाणी प्यायची, सारखी लघवीला उठायची, पोट साफ व्हायचं नाही, जेवणावर वासना नाही, खाल्लं तर उलटी. विचारलं की एकच, "कमजोरी हाये. हाडं कमजोर झाले ना." मग एकदा चुलीवर गंज, म्हणजे रिकामं पातेलं, ठेवून भात शिजायची वाट बघत बसली, तेव्हा आम्ही घाबरलो आणि तिला नागपूरला नेलं.

तिथले डॉक्टर विचारतात, "इंजेक्शनं किती घेतली?" मी ठामपणे सांगितलं, "एक." दुसऱ्या दिवशी मायची शेजारीण काशीबाई बघायला आली. मी तिला सगळं सांगत होते, तर ती मधेच म्हणते, "एक काहून? हर बाजारी तं घेते. माझ्याच संगं जाते."

झालं! आमच्याकडे बाजाराचा दिवस म्हणजे भाजी, सुकी मासोळी आणि सुई. बाया पिशवी भरतात आणि घरी जाताना दवाखान्यात दंड पुढे करतात. नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर कोणाला पटतच नाही. 'सुई नाई देत तो कायचा डाक्टर?' मायने भंडाऱ्याच्या सुईचं खोकं जपून ठेवलं होतं. ते दाखवलं की दुकानदार तसंच नवं द्यायचा आणि बाजारातला डॉक्टर टोचून मोकळा. आधी किती घेतल्या, कोणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मी हे सांगितलं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. 'ड' तसं नाही. ते चरबीत साठतं आणि जेवणातलं कॅल्शियम रक्तात ओढत राहतं. ती तहान, ती उलटी, ती कमजोरी, सगळं या सुईमुळेच."

म्हणजे सुईनं कमजोरी यायची आणि कमजोरी आली म्हणून माय पुन्हा सुई घ्यायची! राग कोणावर काढू तेच कळेना. दुकानदारावर, बाजारातल्या डॉक्टरवर, काशीबाईवर, की त्या खाटेवरच्या म्हातारीवर?

उपचार सुरू झाले. सलाईन, लघवीतून कॅल्शियम बाहेर काढायचं औषध, स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हणजे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जावं म्हणून. दूध-दही बंद. तंबाखूतला चुनासुद्धा बंद, कारण चुना म्हणजेही कॅल्शियमच. रोज रक्त काढायचे आणि मी व्हरांड्यात रिपोर्टची वाट बघत बसायची.

त्यात पाहुणे! जो येतो तो हाडांच्या टॉनिकची बाटली घेऊन येतो. मामा तर अंगावरच आले, "म्हातारीचं दूध काहून बंद केलं? मारून टाकता का तिले?" मी बाटली त्यांच्या पिशवीत परत कोंबली. वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी. नाही तर नाही.

कॅल्शियम उतरायला लागलं, पण फार हळू. साठलेलं 'ड' इतक्यात सरत नाही म्हणे. माय अजून मला "बाई" म्हणत होती. एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते तर ती म्हणाली, "शोभे, तू कायले बसून राहिली इथं? पोरायले कोन पाहून राहिलं?" माझ्या हातातली फणी खाली पडली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

किडनी मात्र पूर्ण सुधारली नाही, थोडी अधू राहिलीच. कॅल्शियम आणि 'ड' वाईट नाहीत, हे डॉक्टरांनी मला चारदा समजावलं. हाडांना ते लागतंच. पण किती आणि किती दिवस, ते रक्त तपासून डॉक्टरांनी सांगायचं, आणि आपण काय काय घेतो ते प्रत्येक डॉक्टरला सांगायचं. टॉनिकसुद्धा. चुनासुद्धा. ताकदीचं औषध आहे, जास्त झालं तर काय बिघडतं, असं कृपा करून कोणी म्हणू नका. काय बिघडतं ते मी बघितलंय.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी डॉक्टरांचे आभार मानत होते. तेवढ्यात माय हात जोडून पुढे आली.

"साहेब, तुमी तं सारंच बंद केलं. घरी गेल्यावर कमजोरी आली तं? एक सुई देऊन द्या ना."

मी कपाळ बडवून घेतलं. मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. हा हट्ट तिचाच होता. एवढं नडण्याइतकी ती भानावर परत आली होती.

"माय, चाल घरी," मी तिचा दंड धरून म्हटलं.

ती दारात थांबली आणि मागे वळली. "बरं, अर्धी तरी द्या."