रांग बसस्टॉपपर्यंत

परवा फ्लूच्या इंजेक्शनआधी नर्सने दंडाला स्पिरिट लावलं आणि त्या वासाने मला लंडनमधल्या हॅरोतला चर्चचा हॉल आठवला. ऐंशीच्या दशकात तिथल्या ब्लॅक कुटुंबांना सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणी हवी होती, पण "येणार कोण?" म्हणत हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी हात झटकले. आमच्या नागपूरकडेही हा आजार आहे, माझा मामा त्यानेच गेला. म्हणून आमच्या बौद्ध मंडळाने आंबेडकर जयंतीचं जेवण रद्द करून ते पैसे चर्चच्या जमैकन बायकांना तपासणीसाठी दिले. पहिल्याच सकाळी हॉलबाहेरची रांग बसस्टॉपपर्यंत गेली. तेच डॉक्टर बघायला आले, तशी दारात उभी असलेली पांढऱ्या साडीतली माझी आई म्हणाली, "डॉक्टर, प्लीज, रांगेतून या." ते वळून बसस्टॉपकडे चालू लागले. "सुई टोचली तरी हसताय?" नर्सने विचारलं.