आधी हात, मग ग्लास

“दारूने त्याचे हात खाल्ले. नाहीतर मुंबईच्या स्टुडिओंत त्याच्या तोडीचा ड्रमर नव्हता.”

आमच्या गावच्या स्मरणिकेत रॉबर्टने माझ्याविषयी हे लिहिले आहे. तो बारा वर्षे माझ्या शेजारी बसून बेस गिटार वाजवत होता. दुसऱ्या वाक्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. पहिले खोटे आहे, आणि ते मी जिवंतपणीच खोडून ठेवतो. कारण ज्यांचे हात आज थरथरू लागले असतील, त्यांनाही हेच ऐकवले जाणार आहे.

मी पीत होतो. ते नाकारीत नाही. वाद क्रमाचा आहे.

सत्तरच्या दशकात रॉकच्या ठेक्याचे गाणे असले की वाद्यमेळ बांधणारे अरेंजर आधी माझी तारीख विचारीत. पहिली खूण दिसली ती वाजवताना नव्हे, थांबलेला असताना. गाण्यात मध्ये फक्त व्हायोलिनचा तुकडा होता. मी काठी झांजेवर उचलून धरली होती, आणि तिचे टोक कडेला आपोआप लागू लागले. किणकिण, किणकिण. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट ओरडला, “झांज कोण वाजवतंय?” सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या दिवसापर्यंत कामाच्या दिवशी मी ग्लासाला हात लावलेला नव्हता.

पुढे वसईजवळच्या उमेळ्यात एका लग्नाच्या मांडवात दोन ग्लास झाले आणि बँडवाल्यांनी मला आग्रहाने ड्रमवर बसवले. हात दगडासारखा स्थिर! मला वाटले, औषध सापडले. चूक झाली ती इथे. सकाळच्या रेकॉर्डिंगआधी मी एक ग्लास घेऊ लागलो, मग दोन. काठी थांबली, वास थांबला नाही.

“मेल्या, सकाळी सकाळीच?” रॉबर्टने विचारले.

“तू तुझ्या तारा बघ,” मी म्हणालो.

वर्षभरात बोलावणी बंद झाली.

वसईतल्या डॉक्टरांनी माझ्या हातांकडे न पाहताच “दारू सोडा” असे सांगितले. मला भीती होती ती पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांचा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतानाही हलत होता. माझा मांडीवर स्वस्थ होता. हा फरक महत्त्वाचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्यांच्या हातात मी माझे भविष्य पाहत होतो.

डॉक्टरांनी कागदावर वेटोळे काढायला सांगितले. माझी रेघ करवतीच्या दात्यांसारखी आली.

“प्यायल्यावर हात थांबतो का?”

मला हा सापळा वाटला. “मी पीत नाही.”

“मास्टर, वास इथपर्यंत येतोय. मी तुम्हाला पकडायला बसलेलो नाही. याच्या उत्तरावर निदान अवलंबून आहे.”

“थांबतो,” मी म्हणालो.

“मग भरती व्हा. दारू उतरल्यावर जे उरेल, तो तुमचा आजार.”

पहिले तीन दिवस सगळे अंगच थरथरत होते. अंगाला घाम, छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही, पाण्याचा पेला नर्सने तोंडाला लावायचा. तिसऱ्या दिवशी मलाच वाटले, लोक म्हणतात ते खरे. पुढे घाम थांबला, झोप परतली. रोज सकाळी एक वेटोळे काढून घेत. तिसऱ्या आठवड्यात डोके स्वच्छ होते, आणि रेघेचे दाते होते तसेच होते.

डॉक्टर म्हणाले, “पार्किन्सन नव्हे, हा इसेन्शियल ट्रेमर दिसतो. हात उचलला, कामाला लावला की येणारा कंप. दारूने घटकाभर दबतो, म्हणून माणसं फसतात. बऱ्याचदा घराण्यात असतो. तुमच्याकडे कुणाला?”

“आमच्या घरात असले काही नाही,” मी ठणकावले.

त्यांनी दिलेल्या गोळ्यांमुळे आज मी अर्धा कप चहा न सांडता पितो. त्या डॉक्टरांचे आणि त्या नर्सचे उपकार मी विसरणार नाही. स्टुडिओने मात्र पुन्हा बोलावले नाही. ज्यांचे हात थरथरतात त्यांना एवढेच सांगतो: डॉक्टरांशी खोटे बोलू नका, आणि ग्लासाला औषध समजू नका. त्याने माझे हात गेले नाहीत, नाव गेले.

रॉबर्ट म्हणेल, डॉक्टरांचा तो अंदाज होता. त्याने पुढचे वाचावे.

रुग्णालयातून मला घरी न्यायला माझी थोरली बहीण अ‍ॅग्नेस आली. डॉक्टरांसमोरच तिने थर्मासमधला चहा ओतून माझ्यापुढे धरला, आणि कप बशीवर वाजू लागला. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत होतो. मला ती तिची घाई वाटायची. डॉक्टरांनी तिच्यापुढे कागद सरकवला.

“मला कशाला? माझा हात मेला पहिल्यापासनं असाच. आईचापण असाच होता,” असे कुरकुरत तिने वेटोळे काढले.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर कोणता कुणाचा, हे मलाही सांगता येईना.

अ‍ॅग्नेसने जन्मात दारूचा थेंब चाखलेला नाही.